बरे होण्याचे श्रम



या व्याख्यानमालेचे चालक मला आमंत्रण द्यायला आले, तेव्हा त्यांनी विषय विचारला. मी म्हणालो, "खांदा." मंडळी क्षणभर गप्प राहिली. खांद्याला खांदा लावून लढण्याविषयी मी काही बोलणार, असे त्यांना वाटले असावे. तेही बोललो असतो. आयुष्यभर तेच बोलत आलो आहे. परंतु आज ज्या खांद्याविषयी बोलायचे आहे तो हा माझा स्वतःचा उजवा खांदा. त्यावर शस्त्रक्रिया होऊन आज सोळा महिने झाले.

आपल्या दुखण्याची कहाणी चारचौघांत सांगू नये, असा आपल्याकडे शिष्टसंकेत आहे, आणि तो योग्यच आहे. तो मी मोडतो आहे, याचे कारण एवढेच की, या दुखण्याने मला माझी एक जुनी चूक दाखवून दिली. ती चूक मी माझ्या एका सोबत्याच्या बाबतीत केली होती. त्याच्या संमतीने ती आज आपल्यापुढे सांगणार आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते रात्रशाळेत आणि वाचनालयात. सतराव्या वर्षी मी बाजारात हमालीला लागलो. त्या वेळी पोते शंभर किलोचे असे. हळदीचे, साखरेचे, धान्याचे. फळीवरून ट्रकमध्ये चढायचे, थप्पी लावायची, पुन्हा उतरायचे. बारा वर्षे हे काम केले आणि मग संघटनेच्या कामात पडलो. पोते पाठीवरून उतरले, त्याच्या जागी कागद आले. त्यामुळे माझी अशी समजूत झाली होती की, खांद्याचा आणि माझा हिशेब मिटला. शरीर मात्र आपली वही नीट ठेवते. तीन पावसाळ्यांपूर्वी कार्यालयाच्या पायरीवरून पाय घसरला, मी हाताने कठडा धरला, आणि खांद्यात काहीतरी फाटल्यासारखे झाले. पायरीने फक्त निमित्त दिले. झीज बारा वर्षांच्या पोत्यांची होती.

पुढे दीड वर्ष मी काय केले? जे आपण सगळेच करतो ते. तेल लावले, शेक दिला, मलम चोळले. रात्री त्या कुशीवर झोपता येईना, म्हणून दुसऱ्या कुशीवर झोपलो. खुंटीवरचा सदरा काढता येईना, म्हणून खुंटी खाली ठोकून घेतली. शेवटी एका सभेत घोषणा देण्यासाठी मूठ वर केली आणि ती कानाच्या वर जाईना. तेव्हा डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी चित्र काढून जे समजावले ते आधी सांगतो, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. मांडीचे हाड कमरेच्या खोल वाटीत बसलेले असते. खांद्याचे तसे नाही. खांद्याची वाटी अगदी उथळ, जवळजवळ बशीसारखी. आणि तिच्यावर हाताच्या हाडाचा मोठा गोळा टेकलेला. म्हणूनच हात चहूकडे फिरतो आणि म्हणूनच तो सहज निखळतोही. त्या गोळ्याला बशीवर धरून ठेवण्याचे काम चार स्नायू करतात. त्यांच्या टोकांना असलेल्या चिवट दोऱ्या, म्हणजे कंडरा, हाडाला मोजा चढवावा तशा चिकटलेल्या असतात. त्याला डॉक्टर रोटेटर कफ म्हणतात. वरच्या बाजूची कंडरा हाडाच्या दोन पृष्ठभागांमधल्या अरुंद जागेतून जाते. हात डोक्यावर नेण्याचे काम वर्षानुवर्षे केले की ती झिजते, आणि एखाद्या दिवशी हाडापासून सुटते. माझी तीच सुटली होती.

आता आपण थोडा हिशेब करू. एक हमाल दिवसाला शंभर पोती उचलतो असे धरा. वर्षाचे अडीचशे दिवस, अशी वीस वर्षे. पाच लाख पोती होतात. पोते पन्नास किलोचेच धरले, तरी पंचवीस हजार टन माल त्या एका माणसाच्या खांद्यावरून जातो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली शिफारस केली की, एका प्रौढ पुरुषाने वाहायचे ओझे पंचावन्न किलोंवर असू नये. त्यानंतर वीस वर्षांनी मी शंभर किलो वाहत होतो. पुढे पोते पन्नास किलोवर आले ते हमालांनी ठिकठिकाणी धरलेल्या आग्रहामुळे. परंतु वजन निम्मे झाले म्हणून खेपा निम्म्याच राहिल्या असे कोणी समजू नये.

शस्त्रक्रिया आता दुर्बिणीने होते. चार-पाच बारीक छिद्रे पाडतात, हाडात लहान खुंट्या बसवतात, आणि खुंटीच्या धाग्यांनी सुटलेली कंडरा हाडावर ओढून बांधतात. मी डॉक्टरांना म्हणालो, "म्हणजे दाभण आणि सुतळी घेऊन पोत्याचे तोंड शिवतात तसेच." ते हसले आणि म्हणाले, "तसेच. पण एक फरक आहे. पोते शिवले की लगेच उचलता येते. हे शिवलेले लगेच उचलता येत नाही. माझी शिवण कंडरेला जागेवर धरून ठेवील. तिला हाडाशी जोडण्याचे काम तुमचे शरीर करील, आणि त्याला त्याचा वेळ लागेल."

हे वाक्य मी त्या दिवशी ऐकले. कळायला तीन महिने लागले.

गळ्याच्या बाजूला सुई देऊन माझा अख्खा हात बधिर केला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी सोडण्याचे कागद पुढे आले तरी बोटे जागी झाली नव्हती. सही कशी करणार? परिचारिकेने शाईची पेटी पुढे सरकवली आणि माझ्या डाव्या हाताचा अंगठा घेतला. माझे वडील अंगठेबहाद्दर होते. मी रात्रशाळेत जाऊन पहिल्यांदा सही शिकलो, तेव्हा ती त्यांना दाखवायला धावत घरी गेलो होतो. त्या अंगठ्याकडे पाहून मला जे वाटले ते वर्णन करण्यात वेळ घालवत नाही. बरे होण्याच्या पहिल्या दिवशी माणसाचा मान त्याच्याकडून काढून घेतला जातो, आणि तो परत मिळवणे हाही बरे होण्याचाच एक भाग असतो, एवढेच म्हणतो.

पुढले सहा आठवडे हात झोळीत. पाठीशी उशा लावून अर्धवट बसून झोपायचे. लेंग्याची नाडी, सदऱ्याची बटणे, केस विंचरणे, सारे दुसऱ्याच्या हाताने. भात डाव्या हाताने चमच्याने. व्यायाम शिकवायला एक तरुण मुलगी येई. वयाने माझ्या लेकीएवढी. ती मला 'काका' म्हणे, पण शिस्त मुकादमाची. पहिल्या दिवशी तिने बजावले, "काका, हात हलायला हवा, पण तुम्ही तो हलवायचा नाही." मला वाटले, हे काय कोडे? मग तिने माझ्या पत्नीला शिकवले. मी आडवा पडायचे, हात पूर्ण सैल सोडायचा, आणि पत्नीने तो मनगटाला व कोपराला धरून हळूहळू वर न्यायचा. हात अगदी बांधून ठेवला तर सांधा आखडतो. आपण होऊन उचलला तर शिवण ताणते. म्हणून दुसऱ्याने उचलायचा. मंडळी, ज्याने आयुष्यभर दुसऱ्याचा भार उचलला त्याला आपला भार दुसऱ्याच्या हातात सैल सोडता येत नाही. माझी पत्नी रोज म्हणे, "सोडा की हो हात! मला कशाला मदत करताय?" तो सैल सोडायला मला दोन आठवडे लागले.

दुसरा व्यायाम होता लंबकाचा. डावा हात टेबलावर टेकून कमरेत वाकायचे, उजवा हात नुसता लोंबू द्यायचा आणि अंग झुलवून तो घड्याळाच्या लंबकासारखा हलू द्यायचा. त्या मुलीने सांगितले, "याला कॉडमनचा व्यायाम म्हणतात." मी विचारले, "हे कॉडमन कोण?" तिला नावापलीकडे माहीत नव्हते. मला रिकामा वेळ होता. शब्दकोश जवळ घेऊन मी शोधत बसलो, आणि जे सापडले त्यासाठी तो दुखरा खांदाही सार्थकी लागला असे वाटले.

अर्नेस्ट कॉडमन हे अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातले शल्यवैद्य. जन्म १८६९चा, मृत्यू १९४०चा. खांद्याची ही तुटलेली कंडरा शिवून जोडल्याचे त्यांनी १९११ साली प्रसिद्ध केले, आणि १९३४ साली खांद्यावर एक मोठा ग्रंथ लिहिला. परंतु त्यांची खरी कामगिरी एका साध्या प्रश्नात आहे. ते म्हणत की, शस्त्रक्रिया झाली, टाके काढले, रोगी घरी गेला. पुढे काय झाले? एक वर्षाने तो माणूस कसा आहे? इस्पितळाने प्रत्येक रोग्याचा असा पाठपुरावा करावा, गुण आला नसेल तर का आला नाही ते शोधावे, आणि जे सापडेल ते सर्वांपुढे मांडावे. याला ते अंतिम परिणामाचा विचार म्हणत.

आपल्याला हे किती साधे वाटते! पण त्या काळच्या प्रतिष्ठित मंडळींना ते मानवले नाही. कर्तृत्वापेक्षा ज्येष्ठतेला मान देणाऱ्या पद्धतीचा निषेध म्हणून कॉडमन यांनी १९१४ साली आपल्या मोठ्या इस्पितळातल्या जागेचा राजीनामा दिला. स्वतःचे लहानसे इस्पितळ त्यांनी आधीच काढले होते. तेथून १९११ ते १९१६ या काळात घरी गेलेल्या ३३७ रोग्यांची नोंद त्यांनी प्रसिद्ध केली, आणि त्यांच्या उपचारात झालेल्या १२३ चुकाही स्वतःच्या हाताने लिहून जगापुढे ठेवल्या. ते वारले तेव्हा त्यांच्या थडग्यावर साधा दगडसुद्धा नव्हता. तो २०१४ साली बसवण्यात आला.

त्या १२३ चुकांची गोष्ट वाचली आणि मी पुस्तक मिटले. कारण माझी चूक मला आठवली.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या संघटनेतल्या एका टोळीत माझा जुना जोडीदार काम करी. मी हमालीला लागलो तेव्हा पोते पाठीवर कसे घ्यायचे, फळीवर पाऊल कसे टाकायचे, हे मला त्यानेच शिकवले होते. त्याच्या खांद्याची हीच कंडरा तुटली आणि हीच शस्त्रक्रिया झाली. टोळीत दहा गडी. मजुरी पोत्यामागे, आणि दिवसाची हमाली दहा जणांत वाटायची. तो घरी असताना टोळीने त्याचा वाटा चालू ठेवला, हे त्या गड्यांचे मोठेपण. परंतु काम नऊ जण करणार आणि वाटे दहा पडणार, हे किती दिवस चालेल? सहाव्या आठवड्यात कुरकुर सुरू झाली. सातव्या आठवड्यात भांडण माझ्यापुढे आले.

मी जोडीदाराला बोलावले आणि विचारले, "दुखतंय का अजून?" तो म्हणाला, "नाही, दुखायचं थांबलंय." मी म्हणालो, "मग ये की कामावर. टोळी फुटायला नको. हळूहळू उचल." तो आठव्या आठवड्यात कामावर आला. हळूहळू उचलण्यासारखे पोते अजून कोणी तयार केलेले नाही. दहा दिवसांत त्याची शिवण सुटली. दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करून उपयोग होईल असे डॉक्टरांना वाटले नाही. सुटलेला स्नायू आखडून मागे गेला होता. आज त्याचा उजवा हात छातीच्या वर जात नाही. तो रात्री एका गोदामावर राखण करतो.

मी त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा होता, हे मला माझ्या आठव्या आठवड्यात कळले. झोळी निघालेली, हात काठीच्या आधाराने वर जाऊ लागलेला, आणि दुखणे जवळजवळ थांबलेले. मला अगदी बरे वाटत होते. एके दिवशी घरात कोणी नाही असे पाहून मी पाण्याची कळशी उचलायला हात घातला. तेवढ्यात ती मुलगी दारात उभी! ती ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, "काका, दुखायचं आधी थांबतं. जुळायचं नंतर होतं. मधले दिवसच धोक्याचे."

मी हात मागे घेतला आणि खाली बसलो. बंधूंनो, माझ्या जोडीदाराला हेच सांगणारे कोणीतरी दारात उभे राहायला हवे होते. त्या दारात मी होतो, आणि मी त्याला उलटे सांगितले.

आता या मधल्या दिवसांचे गणित नीट पाहू. पहिले सहा आठवडे हात जपायचा. पुढचे सहा आठवडे तो आपला आपण हलवायला शिकायचे: भिंतीवर बोटांनी चढायचे, दाराच्या चौकटीला कप्पी बांधून चांगल्या हाताने दुखरा हात वर ओढायचा. आमच्या घरी जुन्या आडावरची कप्पी पडून होती, ती या कामी आली. साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत कंडरा हाडाला बऱ्यापैकी धरते, आणि तेव्हा कोठे ताकदीचे व्यायाम सुरू होतात. ओझे उचलण्याच्या कामाला सहा महिने, कधी त्याहून अधिकही लागतात. डॉक्टर कितीही कुशल असो, रोगी कितीही धीट असो, हा काळ आवळून कमी करता येत नाही. शेतकऱ्याने कितीही घाई केली म्हणून शाळू काही महिन्यात कणसावर येत नाही.

म्हणजे बरे होणे ही विश्रांती नव्हे. ते काम आहे. रोज तीन वेळा, घाम येईपर्यंत, महिनोन्‌महिने करायचे काम. आणि या कामाची मजुरी कोण देणार, हा माझ्या आजच्या भाषणाचा खरा प्रश्न आहे.

कायदा काय म्हणतो? १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला. त्याच्या परिशिष्टात कोणत्या इजेने कमाईची शक्ती किती टक्के गेली हे लिहिलेले होते. हात खांद्यापासून कापला गेला तर ९० टक्के. पण हात जागच्या जागी आहे आणि वरच जात नाही, अशा माणसाचे नाव त्या यादीत नव्हते; त्याच्या नुकसानीचे टक्के वैद्याने ठरवायचे. आणि त्याही आधीचा प्रश्न: अपघात कोणत्या तारखेला झाला? वीस वर्षांत पाच लाख पोत्यांनी झिजलेल्या खांद्याला तारीख कोठून आणणार?

पुढे १९४८ साली राज्य विम्याचा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरला पंडित नेहरूंच्या हस्ते त्या योजनेला आरंभ झाला. हे फार मोठे पाऊल होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. या दोन्ही कायद्यांचे विषय २०२० साली संसदेने संमत केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत एकत्र घेण्यात आले. विमा योजनेने कामावरच्या इजेसाठी मजुरीच्या ९० टक्के रक्कम, आणि तीही तात्पुरते अपंगत्व असेल तोवर, देण्याची सोय केली. परंतु ती इजा कामावरची ठरली पाहिजे. ती तशी ठरली नाही, तर सर्वसाधारण आजारपणाचा लाभ. तो मजुरीच्या ७० टक्के आणि वर्षातून जास्तीत जास्त ९१ दिवस. ९१ दिवस म्हणजे तेरा आठवडे. आताच मी सांगितले की, ताकदीचा व्यायाम बाराव्या आठवड्याला सुरू होतो. म्हणजे कंडरा नुकती धरू लागते आणि पैसे थांबतात.

हमालाचे तर त्याहून वेगळे. त्याला एक मालक नाही, महिन्याचा पगार नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगार एकत्र केले, पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. अशा प्रयत्नांच्या बळावर १९६९ साली माथाडी कायदा झाला. मजुरीवर लेव्ही घेऊन मंडळामार्फत भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा, औषधपाणी द्यावे, अशी ती योजना. माल उतरवून निघून जाणाऱ्या माणसाचे कोणीतरी देणे लागते, हे या कायद्याने मान्य केले. पण शस्त्रक्रियेचे बिल भागले म्हणजे काम झाले, असे आपण सारेच समजत आलो. संघटनाही तसेच समजत आली. आम्ही बिलासाठी मोर्चे काढले. बाराव्या आठवड्यासाठी मी कधी मोर्चा काढला नाही.

आपण सांगलीकर, आपला बेंदूर आठवा. आदल्या दिवशी शेतकरी बैलाची खांदमळणी करतो. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला लोणी आणि हळद चोळतो. बैलाला खांदेसूज आली तर त्याला जुंपत नाही. शेजाऱ्याचा बैल मागून आणतो, पेर थोडी लांबवतो, पण सुजल्या खांद्यावर जू ठेवत नाही. तो काही कायदा वाचून असे करत नाही. बैल कायमचा गेला तर पुढच्या वर्षी शेत कोण नांगरणार, हे त्याला कळते. जे शहाणपण बैलाच्या बाबतीत आपल्या अंगी पिढ्यान्‌पिढ्या मुरले आहे ते त्या हळदीचे पोते वाहणाऱ्या माणसाच्या बाबतीत का असू नये?

मी कामावर परतल्यावर पहिली बैठक त्या टोळीची घेतली. जोडीदारालाही बोलावले. सर्वांसमोर सांगितले की, त्या वेळी निर्णय चुकला आणि तो मी घेतला होता, टोळीने नव्हे. मग आम्ही एक नियम केला, आणि तो आता आमच्या सगळ्या टोळ्यांनी मान्य केला आहे. प्रत्येक गड्याने रोज एका पोत्याची हमाली वेगळी ठेवायची. कोणावर अशी शस्त्रक्रिया झाली तर पहिले बारा आठवडे त्याचा वाटा या पैशांतून द्यायचा. टोळीच्या वाट्यातून नव्हे, म्हणजे काम नऊ आणि वाटे दहा हा तंटाच उरत नाही. पुढचे बारा आठवडे त्याने ओझ्याला हात लावायचा नाही. काट्यावर नोंद ठेवायची, पोती मोजायची. आणि कामावर कधी यायचे हे मुकादमाने ठरवायचे नाही, मीही ठरवायचे नाही. व्यायाम शिकवणाराने लिहून द्यायचे. एका पोत्याची हमाली म्हणजे फार मोठी रक्कम नव्हे. सारा भार हमालांनीच का उचलायचा, असे आपण विचाराल. प्रश्न रास्त आहे. मंडळाने आणि व्यापारी मंडळींनी त्यात आपला वाटा घालावा, अशी आमची मागणी आहे आणि ती आम्ही सोडणार नाही. पण मागणी मान्य होईपर्यंत खांदे थांबत नाहीत, म्हणून आम्ही आपल्या पोत्यापासून सुरुवात केली. गेल्या वर्षात दोन गड्यांना याचा उपयोग झाला. एकाला नुकतेच सहा महिने पुरे झाले. त्याला वर्ष झाले की आम्ही त्याला पुन्हा दाखवून आणणार आहोत, आणि गुण आला की नाही ते वहीत लिहिणार आहोत. कॉडमन यांच्याकडून एवढे तरी शिकलो.

माझा स्वतःचा अंतिम परिणाम सांगायचा तर, हात आता डोक्यावर जातो. शेवटची चार बोटे उंची अजून कमी आहे. ती बहुधा तशीच राहील. पाऊस येणार असला की खांदा आधी सांगतो. खुंटी मी पुन्हा पहिल्या जागी ठोकली आहे.

आता आपल्याकडे माझे एक मागणे आहे. या सभागृहात नोकरदार आहेत, व्यापारी आहेत, शिक्षक आहेत. आपल्या घरी धुणेभांडी करणारी बाई असेल, दुकानात माल चढवणारा गडी असेल, गाडी चालवणारा कोणी असेल. त्यांच्यापैकी कोणावर शस्त्रक्रिया झाली तर आपण फळे घेऊन भेटायला जातो, 'ऑपरेशन नीट झालं ना?' असे विचारतो. ते चांगलेच आहे. पण आठव्या आठवड्यात पुन्हा जा. तेव्हा 'दुखतंय का?' असे विचारू नका. मी तोच प्रश्न विचारला होता. 'घरात चूल कशी चालली आहे? आणखी किती दिवस थांबायला सांगितलंय? तेवढे दिवस थांबता येईल का?' असे विचारा. आणि येणार नसेल, तर ते थांबणे त्याला परवडेल असे काही करा. त्याची जागा दुसऱ्याला देऊन टाकू नका.

माझा जोडीदार आज येथे आला आहे. शेवटच्या रांगेत बसला आहे. हे भाषण मी आधी त्याला वाचून दाखवले. त्याने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाला, "सांग. पण एक आणखी सांग, मीही दुखत नाही म्हणालो होतो, ते पोरांच्या शाळेची फी भरायची होती म्हणून. दुखत होतं थोडं." एवढे दिवस ते त्याने मला सांगितले नव्हते. म्हणून म्हणतो, प्रश्न नीट विचारायला शिकले पाहिजे. आणि खरे उत्तर देणे माणसाला परवडेल अशी व्यवस्था आधी केली पाहिजे.